अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद की अनुसूचित जाती आयोगाकडे अर्ज?
येरवड्याच्या एका ताईंना, त्या धुणीभांडी करतात त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारचौघांदेखत जातीवरून शिवीगाळ झाली. काल हातात कोरा कागद धरून विचारत होत्या, "पोलिसांत जाऊ का आयोगाकडे?"

पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. फरक आहे तो ताकदीत. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. २०१८ च्या दुरुस्तीत तसं स्पष्टच लिहिलंय. दोषारोपपत्र ६० दिवसांत जायला हवं, शासनाकडून अर्थसाहाय्यही मिळतं. त्रास मात्र खरा आहे: जबाब, कोर्टाच्या खेपा, फिरणारे साक्षीदार, बुडणारी कामं. शिवी लोकांदेखत दिली हे सिद्ध करावं लागतं. म्हणून ताई, तिथं उभ्या असलेल्या वॉचमनचं नाव आजच लिहून ठेवा.

अनुसूचित जाती आयोग अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारतो, अहवाल मागवतो, शिफारस करतो. शिक्षा देऊ शकत नाही.

तेव्हा शिवीगाळ, मारहाण, धमकी असेल तर आधी पोलिस ठाणं. तिथं फिर्याद घेत नसतील, तपास रखडला असेल किंवा नोकरीत, बढतीत डावललं असेल, तर आयोग. मोफत वकिलासाठी शिवाजीनगर कोर्टातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथं उत्पन्नाची अट नाही.