पावनखिंड की वळिवडे? युद्धाच्या दोन आठवणी

आपल्या कोल्हापुरात पोरं दर जुलैला पन्हाळ्यावरनं पावनखिंडीपर्यंत पावसात चिखल तुडवत जातात, १६६० चे बाजीप्रभू, शिवा काशीद सगळ्यांना तोंडपाठ, आणि त्यातनं येणारा अभिमान एकदम रोखठोक, मातीसाठी जीव द्यायचा. मलाही तिथं गेलं की भरून येतं. पण कोल्हापूरजवळचं वळिवडे गाव किती जणांना माहितेय? दुसऱ्या महायुद्धात घरदार सुटलेले जवळपास ५००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ तिथल्या कॅम्पात राहिले, बहुतेक बायका-पोरं. पोलंडवाले विसरले नाहीत, वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे राव! पहिल्या आठवणीला शत्रू लागतोच, दुसरीत आसरा दिल्याचा अभिमान, आणि तोसुद्धा देशाभिमानच की. शाळेची सहल पन्हाळ्याबरोबर वळिवड्यालाही न्या.