साठ घटकांची हिरवी सुपरफूड पावडर: लेबलवर भरपूर, स्कूपमध्ये जेमतेम

तर ही ती हिरवी पावडर, एक स्कूप पाण्यात टाका, हलवा, प्या आणि निसर्गाचं सगळं देणं एका घोटात पोटात, असा एकूण थाट. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण या जातीचे बरेचसे डबे थोड्याफार फरकाने असेच असतात, आणि खाली लिहिलंय ते कुठल्याही डब्याचं लेबल समोर धरून ताडून बघता येईल.

चवीचं आधी उरकतो. ओल्या गवताचा वास, त्यावर स्टीव्हियाचा गोडवा जो नंतर बराच वेळ जिभेवरून हलत नाही. चमच्याने ढवळलं तर गुठळ्या होतात, शेकर लागतोच, आणि तळाशी गाळ उरतो तो उरतोच. पिऊ शकतो माणूस, आवडीने पिईल असं नाही.

आता मुख्य मुद्दा. डब्यावर साठ घटक छापलेत आणि स्कूप आहे १२ ग्रॅमचा. भागाकार करा, प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी २०० मिलिग्रॅम. तेही सरासरी हां, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे पहिले पाच-सहा घटक बहुतेक जागा खातात आणि शेवटची जी भारी भारी नावं बघून आपण डबा उचलतो ती चिमटीभर सुद्धा नसतात. नेमकं कोण किती ते कळूच नये म्हणून 'ब्लेंड' (मिश्रण) असं लिहून फक्त एकूण वजन दिलंय. पालेभाजीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, तेव्हा २०० मिलिग्रॅम वाळलेली पानं म्हणजे ताजी साधारण २ ग्रॅम, एखादं छोटं पान. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या आणि २५ ग्रॅम फायबर सांगते. या स्कूपमध्ये फायबर २ ग्रॅम! पोट साफ राहील या आशेने घेणार असाल तर राहू द्या.

मग हे भरपूर भरपूर म्हणतात ते आहे कुठे, तर वरून घातलेल्या व्हिटॅमिन्समध्ये. बी१२ ५०० मायक्रोग्रॅम, लेबलवर रोजच्या गरजेची टक्केवारी वीस हजाराच्या वर, बघूनच छाती फुगते. पण शरीराला दिवसाला लागतं २.४ मायक्रोग्रॅम, आणि आतड्यात बी१२ आत घेणारी जी मुख्य यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमला भरून जाते, बाकीच्यातलं जेमतेम १ टक्का तसंच झिरपतं. म्हणजे ५०० मधले सातेक आत गेले, उरलेले आले तसे गेले. (ज्यांना खरंच कमतरता आहे त्यांना डॉक्टर मोठा डोस देतात तो या १ टक्क्याच्या जोरावरच, तेव्हा मोठा आकडा दर वेळी फसवाच असतो असं नाही.) व्हिटॅमिन सी चंही तसंच, १ ग्रॅमच्या वर एका दमात घेतलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं. लघवी झगझगीत पिवळी होते ती बी२ मुळे, त्याने काही बिघडत नाही, फक्त पैसे कुठे चाललेत ते दिसतं.

जे वाहून जातं त्याची काळजी नाही, काळजी आहे ती बाकीच्याची. या डब्यात बीटा-कॅरोटीन (गाजराला केशरी रंग देणारं, शरीरात व्हिटॅमिन ए बनणारं द्रव्य) तब्येतीने घातलंय. १९९४ साली फिनलंडमधल्या २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासाचा निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्त निघाला. गाजर-भोपळ्यातून येणाऱ्या बीटा-कॅरोटीनबद्दल असं काही नाही, गोळीतून एकट्याने आणि ढिगाने आल्यावर हे झालं. सिगारेट ओढणाऱ्यांनी हा डबा लांबच ठेवावा, आणि हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही याचा मला खरा राग आहे.

जाहिरातीत जंगल, धबधबे, बिया उधळणारी झाडं, सगळं आहे. आता ओकसारखं झाड एखाद्या वर्षी हजारो बिया टाकतं ते खाणाऱ्यांची पोटं भरूनही चार बिया उराव्यात म्हणून, आणि मधल्या वर्षांत हात आखडता घेतं. रोज सकाळी तेच साठ घटक त्याच प्रमाणात, याला निसर्ग कसं म्हणायचं? माणूस खाण्यासाठी सुमारे ६,००० वनस्पती पिकवतो, पण जगातल्या एकूण पिकांच्या वजनातला ६६ टक्के भाग फक्त ९ पिकांचा, असं एफएओ चा (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) २०१९ चा अहवाल सांगतो. ताटात वाव आहे तो तिथे, आलटून पालटून वेगवेगळं खाण्यात, आणि त्याला स्कूप लागत नाही.

चांगलं काय? डबा घट्ट बंद होतो, पावडर ओल धरत नाही. प्रवासात भाजी मिळायची मारामार असेल तेव्हा काहीच नसण्यापेक्षा बरं, पण मग साधी मल्टिव्हिटॅमिनची गोळीही चालते की.

माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाज्यांच्या पावडरीतलं व्हिटॅमिन के आड येतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय नका घेऊ. आणि थायरॉईडची वगैरे रक्ततपासणी असेल तर हे घेताय ते आधी सांगा, यात बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) बरंच असतं आणि त्याने काही टेस्टचे आकडे चुकीचे येतात, अमेरिकेच्या एफडीए ने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) २०१७ मध्येच तशी सूचना काढली होती.