थ्रीएम कॅव्हिलॉन बॅरियर क्रीम: महाग आहे, पण घरी डायपरवरचा पेशंट असेल तर घ्याच

पॅरालिसिसनंतर आईचा लघवी-संडासवर कंट्रोल राहिला नाही, चोवीस तास डायपर लागतो, आणि दिवसा मावशी रात्री मी असं आम्ही तिचं करतो. तिला नीट बोलता येत नाही त्यामुळे पुसताना चेहरा आक्रसला की समजायचं जळजळ होतेय. म्हणून रॅश हा विषय आमच्या घरी बारीकसारीक नाही. झिंकची क्रीमं वापरून झाली आणि आता बरेच महिने हेच चालू आहे, तर सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, हे रॅश बरं करायचं औषध नाहीये, कातडी चांगली असतानाच लावायचं असतं. आपली कातडी मुळात किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण साडेपाचच्या आसपास. लघवी अंगावर राहिली की जंतू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, पीएच वर चढतो आणि मग संडासमधली एन्झाइम्स जास्त जोरात कातडी खायला लागतात. म्हणूनच नुसत्या लघवीने जेवढं होत नाही तेवढं जुलाब लागल्यावर बघता बघता होतं. क्रीममधलं डायमेथिकोन (एक प्रकारचं सिलिकॉन) हे सगळं कातडीपासून लांब ठेवतं, त्याचं काम तेवढंच, पण ते काम ते खरंच चांगलं करतं.

लावायचं कसं यावर सगळं अवलंबून आहे. वाटाण्याएवढं घ्यायचं आणि पसरवायचं, दिसेनासं झालं पाहिजे. हाताला तेलकट लागलं तर जास्त झालं समजा. मावशींना आधी पटतच नव्हतं एवढ्याशाने काय होणार, कारण झिंक आपण थापून लावतो ना. पण थर जाड झाला की क्रीम डायपरला लागतं आणि डायपर नीट शोषत नाही, मग ओल उलटी अंगालाच राहते. आणि हे एकदा लावलं की प्रत्येक डायपर बदलताना परत लावायची गरज नसते, त्यामुळे ट्यूब वाटते त्यापेक्षा बरीच पुरते.

झिंक ऑक्साइडला मी वाईट म्हणत नाहीये, स्वस्त आहे आणि उपयोगी आहे, बजेट नसेल तर बिनधास्त तेच वापरा. माझा त्रास एवढाच की पांढऱ्या थराखाली कातडी कशी आहे ते दिसत नाही आणि ते काढायला लोक घासतात, त्या घासण्यानेच निम्मी कातडी जाते. झिंक सगळं काढायचं नसतंच, वरचा घाण झालेला थर कापसावर तेल घेऊन हलक्या हाताने टिपायचा आणि वरून परत लावायचं.

कुठलंही क्रीम घ्या, पुसणं चुकलं तर पैसे पाण्यात. अंगाचा साबण दर वेळी नको, साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, तो कातडी आणखी कोरडी करतो. कोमट पाणी किंवा बिनवासाचे वाइप्स, पुढून मागे पुसायचं, मऊ कापडाने टिपून कोरडं करायचं, जांघेच्या घड्या विसरायच्या नाहीत. टाल्कम पावडर अजिबात नको, ओलीत तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. दुपारी आम्ही आईला खाली अंडरपॅड घालून थोडा वेळ डायपरशिवाय ठेवतो, त्याचाही फार फरक पडतो. आणि रात्र निघावी म्हणून एकावर एक दोन डायपर प्लीज लावू नका, आत नुसती वाफ कोंडते.

आता हे कुठे चालत नाही ते. लाल चट्ट्याच्या कडेने बारीक लाल पुळ्या सुटल्या, खाज असेल तर बहुतेक बुरशी असते, त्याला डॉक्टरांनी दिलेलं अँटिफंगल लागतं. मेडिकलवाला विचारल्यावर सगळ्यावर चालणारी म्हणून एखादी ट्यूब देतो, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, ते रोज लावलं तर कातडी पातळ होते आणि अशा पेशंटला तेच सगळ्यात महागात पडतं, म्हणून ट्यूबवरचं वाचल्याशिवाय घेऊ नका. माकडहाडावर किंवा टाचेवर एकाच जागी लाली असेल आणि बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल तर तो बेडसोर सुरू होतोय, तिथे क्रीमने काही होणार नाही, कूस बदलणं आणि डॉक्टर. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, जागा आजूबाजूपेक्षा काळपट किंवा गरम लागतेय का ते हाताने बघा.

कातडी सोलून ओली झाली असेल तर हे क्रीम नको. त्याच नावाची नो स्टिंग फिल्म मिळते (कातडीवर सुकून पातळ पारदर्शक थर धरणारं लिक्विड), तिच्यात अल्कोहोल नसल्यामुळे झोंबत नाही आणि ती ७२ तासांपर्यंत टिकते, पण डॉक्टरांना किंवा सिस्टरना दाखवूनच वापरा. आणि क्रीमवर फिल्म मारू नका, ती चिकटतच नाही.

तक्रार म्हणाल तर किंमत, आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही, आम्हाला सर्जिकलच्या दुकानातून मागवावं लागतं. ऑनलाइन घेतलंत तर एक्सपायरी बघा. पहिल्यांदा २८ ग्रॅमची छोटी ट्यूब घ्या, सूट झालं तर मग ९२ ग्रॅमची.