गाठ, चीर आणि उठलेली सळ: धामणीच्या धनुष्याचे आठ महिने

फेब्रुवारीत हे धनुष्य पुरं झालं, आता ऑक्टोबर संपत आलाय. मधे कोकणातला अख्खा पावसाळा गेला. लाकडात दोष आहेत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणूनच तेव्हा काही लिहिलं नाही. केलेली दुरुस्ती किती पाण्यात आहे ते जून ते सप्टेंबर पार पडल्याशिवाय सांगता येत नाही.

लाकूड धामणीचं. आमच्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण हवी, कारण ती वाकते पण सहजी मोडत नाही. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्य तिच्या नावातच आहे. वादळात पडलेल्या झाडाचा एक ओंडका मामाच्या बांधावर मिळाला. तो उभा फोडून दोन वर्षं पोटमाळ्यावर ठेवला. कापलेल्या टोकांना रंग किंवा मेण लावायचं राहिलं, आणि ते महागात पडलं. टोकांतून ओल भराभर उडते, बाजूंनी हळू उडते, आणि त्या ओढाताणीत लाकूड उभं तडकतं. वाळलेल्या फाळीत मला नऊ इंचांची एक चीर, हरभऱ्याएवढी एक काळी गाठ आणि किड्याची पाच-सहा भोकं मिळाली.

पुढचं समजायला एवढं लक्षात ठेवा: धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. पोटाचे बरेच अपराध माफ होतात. पाठीवर लाकडाचा एक धागा आडवा कापला गेला तरी तिथून काडकन मोडायची भीती.

चिरेची दुरुस्ती सर्वांत सोपी आणि सर्वांत चांगली ठरली. चीर पाठीवर होती, पण धाग्यांना समांतर, भुजेच्या (मुठीच्या वर-खाली जे दोन वाकणारे भाग असतात, त्यांपैकी एकीच्या) मधोमध. धागे एकमेकांपासून सुटले होते, तुटलेला एकही नव्हता. पाण्यासारखा पातळ सुपरग्लू चिरेत सोडला, तो आपसूक आत ओढला गेला. एका दिवसाच्या अंतराने असं तीनदा केलं आणि मग घासून साफ केलं. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची बारीक खूण केली आणि दर महिन्याला भिंग घेऊन बघत राहिलो. ऑगस्टच्या धो धो पावसातही चीर खुणेच्या पुढे गेली नाही. हीच चीर तिरकी होऊन कडेबाहेर पडत असती, तर ती फाळी मी चुलीत घातली असती. तिथे ग्लू काय करणार?

किड्याची भोकं सुईने साफ करून भरली. त्यांनी काही त्रास दिला नाही.

गाठीने मात्र खूप शिकवलं. ती मेलेली गाठ होती, आत भुसभुशीत. पटाशीच्या टोकाने कडक लाकूड लागेपर्यंत कोरली आणि धामणीचाच भुसा इपॉक्सी गोंदात कालवून भरली. गावातल्या सुतारकाकांनी आधीच बजावलं होतं, "गाठीच्या बाजूचं लाकूड खाऊ नकोस रे, धागे तिला वळसा घालून जातात, त्यांना जाऊ दे." म्हणून तिथे भुजा दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर फुगीर ठेवली. भरलेलं इपॉक्सी ताण घेत नाही, ते फक्त खड्डा बुजवतं आणि ओल अडवतं. भार पेलतात ते गाठीला वळसा घालून जाणारे धागे.

भीतीपोटी मी गाठीपाशी जाडीही जास्त ठेवली, ते चुकलं. तो भाग वाकेना, आणि त्याचा वाटा शेजारच्या तीन इंचांवर आला. एप्रिलमध्ये तिथे पोटावर केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसल्या. लाकूड दाबाखाली चिरडतंय याची ती खूण असते. लगेच दोरी उतरवली आणि त्या रेषा सोडून बाकीची भुजा काचेच्या तुकड्याने खरवडत गेलो, बाक सगळीकडे सारखा येईपर्यंत. ओढायला ४६ पौंडांचा जोर लागणारं धनुष्य ४२ वर आलं. रेषा आहेत तशाच आहेत, वाढल्या नाहीत. चार पौंड गेल्याचं मला काही वाटत नाही.

तिसरी दुरुस्ती जूनमधली. ओढताना वरच्या भुजेतून 'टक्' असा आवाज आला. वरवर काही दिसेना. कापसाचा बोळा पाठीवरून फिरवला, तर कडेपाशी त्याचे तंतू अडकले. तिथे नखाएवढी सळ, म्हणजे लाकडाची चिलपी, उठली होती. घडवताना माझ्या कानशीने तिथले धागे आडवे कापले होते, त्यामुळे चूक लाकडाची नव्हतीच. सळीखाली ग्लू सोडला, क्लॅम्पने दाबली आणि वरून शिवणाचा सुती दोरा गुंडाळून त्यावरही ग्लू ओतला. हे मात्र कुणी करू नका. सुती दोऱ्यावर हा ग्लू पडला की तो एकदम तापतो. धूर निघाला, बोटाला चटका बसला आणि दोरा काचेसारखा ठिसूळ झाला. ऑगस्टमध्ये तो सुटला. मग रेशमाचा दोरा, दोन इंच, वेटोळ्याला वेटोळं चिकटवून, वर हळू जमणारं इपॉक्सी. तो आजही घट्ट आहे.

तरीही या जागेवर माझा विश्वास नाही. गुंडाळलेला दोरा सळ उठू देत नाही, पण कापलेल्या धाग्यांचा ताण तो घेऊ शकत नाही. पूर्वी २७ इंच ओढायचो, आता २४ वर थांबतो, आणि डोळ्यांवर चष्मा असतोच.

पावसाळ्याबद्दल एवढंच, की ओल धरलेलं लाकूड मऊ पडतं. ऑगस्टमध्ये हेच धनुष्य ३७ पौंडांवर आलं आणि दोरी उतरवल्यावरही थोडं वाकलेलं राहू लागलं. लाखेच्या पॉलिशचे चार हात पुरेसे ठरले नाहीत. कपाटात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून धनुष्य आत आडवं ठेवलं, त्याने बराच फरक पडला. दिवाळी आली तसे पौंड परत चढले, पण आलेला बाक कायम राहिला.

पाठीचा प्रश्न मुळातून सोडवायचा तर पाठ सपाट करून तिच्यावर बांबूची पट्टी चिकटवावी लागेल. बांबू ताणाला जबरदस्त असतो. आमच्याकडचा माणगा भरीव आणि बारीक, त्यातून रुंद पट्टी निघत नाही, म्हणून जाड कळक लागेल. एक निबर कळक बघून ठेवलाय. तोडला की या वेळी त्याच्या टोकांना त्याच दिवशी रंग लावीन.