थंडीत फ्लॅट विकला : कोथरूड, दसरा ते मार्च

आईचा कोथरूडचा टू बीएचके आम्ही २०२४ च्या दसऱ्यानंतर विकायला काढला आणि मार्च २०२५ मध्ये खरेदीखत झालं. १९९६ ची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांना जिने झेपेनात, एवढंच कारण. व्यवहार होऊन काही महिने गेलेत, मध्ये एक पाऊसही येऊन गेला, म्हणून आता लिहिते आहे. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटची खरी परीक्षा पावसातच होते आणि आम्ही तो विकला ऐन थंडीत.

'थंडीत गिऱ्हाईक नसतं' असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. आमच्या अनुभवात ते अर्धंच खरं ठरलं. दिवाळी आणि तुळशीचं लग्न उरकल्यावर फोन चांगले सुरू झाले. खरा थंडावा आला तो १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, धनुर्मासात, कारण त्या महिन्यात बरेच जण शुभकामं टाळतात. लोक घर बघायला यायचे, आवडलं म्हणायचे, पण टोकन द्यायला हात पुढे होत नव्हता. 'संक्रांतीनंतर बसू' हे तीन घरांनी सांगितलं आणि त्यातल्या दोघांनी खरंच १४ जानेवारीनंतर फोन केला. त्यामुळे त्या महिन्यात घाबरून किंमत उतरवू नका. आम्ही उतरवणार होतो, आईने थांबवलं.

आमची मोठी चूक वेळेची झाली. सुरुवातीला ऑफिस सुटल्यावरची, संध्याकाळी सातची वेळ द्यायचो. डिसेंबरच्या सुमारास पुण्यात सहालाच सूर्य मावळतो. थंडी म्हणून खिडक्या बंद, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आणि रिकाम्या घराचा कोंदट वास. सात पार्ट्या आल्या, परत एकही आली नाही. नोव्हेंबरच्या शेवटी आई म्हणाली, "अगं, दुपारी बोलव की त्यांना, घर दिसू दे." आमची गॅलरी दक्षिणेला आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे अकरानंतर ऊन गॅलरी ओलांडून थेट हॉलमध्ये दिवाणापर्यंत येतं. मे महिन्यात तेच ऊन उंबऱ्याच्या आत येत नाही. तेव्हापासून फक्त शनिवार-रविवार, अकरा ते दोन. लोक त्या उन्हात बसायचे आणि लवकर उठायचे नाहीत. तुमच्या खोल्या उत्तरेच्या असतील तर मात्र थंडीत त्या गार आणि अंधाऱ्या वाटतात. तिथले दिवे आधीच लावून ठेवा.

ज्यांनी घर घेतलं, त्या मुलाची आई दुसऱ्या भेटीला आली होती. त्यांनी हॉल बघितला, ओट्यावरून हात फिरवला आणि सरळ मागच्या बेडरूममध्ये गेल्या. कपाट आणि भिंत यांच्या फटीत हात घालून पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवला. "आता कोरडी आहे ताई, पण श्रावणात?" रंग ताजा होता, डाग दिसत नव्हता. थंडीत कुठलीच भिंत बोलत नाही. मी मोबाइलमधला जुलैचा फोटो दाखवला : खिडकीच्या चौकटीखाली दोन वीत ओल. "काकू, जोराचा पाऊस पश्चिमेकडून आला की येते," म्हटलं. एजंट नंतर माझ्यावर फार चिडला. पण त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. बाहेरून वॉटरप्रूफिंगचा खर्च धरून ९० हजार कमी केले आणि सौदा ८२ लाखांवर ठरला.

पाण्याचंही तसंच. हिवाळ्यात पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली धरणं भरलेली असतात, त्यामुळे नळ बघून काही कळत नाही. आम्ही सोसायटीची एप्रिल-मेची टँकरची बिलं काढून दाखवली.

एजंटबद्दल नाव न घेता सांगते. त्याने आम्हाला न विचारता जाहिरातीत चार लाख कमी लावले, 'फोन यावेत म्हणून'. येणारा प्रत्येक जण तोच आकडा धरून घासाघीस करायचा. किंमत आणि दलाली (आमची एक टक्का ठरली होती) पहिल्या दिवशीच लेखी घ्या आणि त्याचा महारेरा (घरबांधणी व्यवहारांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा.

कागद थंडी सुरू व्हायच्या आत गोळा करा, ही माझी कळकळीची विनंती. बँकेने बिल्डरबरोबरचा मूळ करार, नोंदणीची पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा गोषवारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी) मागितलं. भोगवटा पत्र सोसायटीच्या कपाटात सापडेना. शेवटी एका माजी सेक्रेटरींच्या माळ्यावरच्या ट्रंकेत प्रत निघाली, त्यात तीन आठवडे गेले. सोसायटीला हस्तांतरण प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्याची रक्कम) २५ हजारांच्या वर घेता येत नाही, हेही माहीत असू द्या.

संक्रांतीनंतर घेणाऱ्यालाच घाई होते, कारण रेडी रेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले मालमत्तेचे) दर १ एप्रिलला बदलू शकतात. २०२५ मध्ये ते वाढलेच. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, पण खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. त्यांनी एकट्या सुनेच्या नावावर घेतलं आणि ८२ हजार वाचवले. नवऱ्याचं नाव सोबत घातलं असतं तर सवलत गेली असती. नोंदणी फी ३० हजार. किंमत ५० लाख किंवा वर असल्याने त्यांनी १ टक्का टीडीएस (आम्हाला द्यायच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून भरला. विकणाऱ्याचं पॅन आधारला जोडलेलं नसेल तर हाच टीडीएस २० टक्के होतो. आईचं जोडलेलं नव्हतं, ते जानेवारीत लक्षात आलं आणि माझी झोप उडाली. वेळेत झालं. फ्लॅट २००१ च्या आधीचा, त्यामुळे भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घेतली. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर त्या नफ्यावरच्या करात सूट मिळते. आईसाठी लिफ्टवाल्या इमारतीत वन बीएचके बघतो आहोत.

२०२५ ला पाऊस मे महिन्यातच आला. पहिल्या मोठ्या सरीनंतर मी स्वतःहून काकूंना फोन केला. एप्रिलमध्ये त्यांनी बाहेरून काम करून घेतलं होतं. "चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात तळव्याएवढी ओल आहे, बाकी कोरडं," म्हणाल्या आणि लगेच आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.