शरदात गावी राहून लिहायचं तर रात्र बरी की पहाट?

गावात राहून, घरचं सगळं सांभाळून कथा-कादंबरी लिहायची ज्यांची धडपड चालू असते त्यांच्या वाट्याला शेवटी दोनच वेळा येतात, सगळे झोपल्यावरची नाहीतर सगळे उठायच्या आधीची. दिवसाचं तर बोलायलाच नको. मी दोन्ही करून बघितलंय, आणि प्रत्येक घराची तऱ्हा वेगळी असते त्यामुळे हेच करा असं काही म्हणणार नाही. पण नवरात्रापासून दिवाळीपर्यंतच्या काळापुरतं माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय. मी राजापूरकडच्या भातशेतीच्या गावातून लिहितोय हे धरून वाचा, देशावर ज्वारी-कांद्याच्या गावात थोडं वेगळं असू शकेल.

याच काळाचं एवढं काय, तर आपल्याकडे लिहिणाऱ्याचं वर्षच दिवाळी अंकांवर बेतलेलं असतं. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल, आणि अंक वेळेत निघायचा तर संपादकांना कथा गणपतीच्या आगेमागे हातात लागते. ती एकदा पाठवली की डोकं मोकळं होतं, कोणाचा तगादा नसतो, आपलं मोठं काम काढून बसावं असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच घर सगळ्यात जास्त कामात असतं. लवकर पिकणारं हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापायला येतं, मग निमगरवं, मग सगळ्यात उशिरा पिकणारं गरवं, मधेच मुलांची सत्र परीक्षा, आणि परतीचा पाऊस दुपारी गडगडायला लागला की हातातलं टाकून ताडपत्री घेऊन खळ्याकडे धावायचं. अशात चार ओळी लिहायच्या तर कुठे आणि कधी, हा खरा प्रश्न आहे.

आधी रात्रीबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि त्यात चूक काहीच नाही. रात्री लिहिताना मनाला एक ऊब असते, दिवसभरात ऐकलेलं बोलणं अजून कानात ताजं असतं, संवाद तर रात्री फार छान सुचतात. शिवाय कुठे थांबायचं हे आपल्या हातात असतं, चांगलं चाललंय तर एक वाजू दे नाहीतर दोन. पहाटेला ही सोय नाही, तिला घड्याळ असतं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मी पडवीत दिवा लावून रात्रीच बसायचो आणि माझी काही तक्रार नव्हती.

शरदात मात्र रात्र मोडते ती किड्यांमुळे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण माझ्यापुरता निर्णय यावरच झाला म्हणून जरा सविस्तर सांगतो. भात निसवून पिकायला लागलं की हिरवे तुडतुडे दिव्यावर यायला लागतात, दिवसा भाताचा रस शोषतात तेच हे. गव्हाच्या दाण्याहून लहान, पंखावर काळा ठिपका. एकदोन असते तर कोण बोललं असतं? पडवीतला बल्ब लावला की थोड्या वेळात भिंतीचा रंग बदलतो, कॉलरमधून मानेवर उतरतात, चहात पडतात, चष्म्याच्या आत शिरतात. मी वहीवर हाताने लिहितो, तर लिहिता लिहिता पेनाच्या टोकाखाली एखादा येतोच, झटकायला जावं तर चिरडतो, आणि शाई आणि तो हिरवट डाग एक होऊन अख्खा शब्द जातो. शब्द परत लिहिता येतो हो, पण तो लिहिताना जे वाक्य पुढे मनात तयार होतं ते गेलेलं असतं. लॅपटॉपवाल्यांची आणखी पंचाईत, अंधारात उजळलेला स्क्रीन म्हणजे त्यांना दुसरा दिवाच.

उपाय आहेत, नाही असं नाही. पांढऱ्या एलईडीऐवजी पिवळा बल्ब लावला तर कमी येतात. अंगणात लांब एक दिवा लावून त्याखाली परातीत पाणी ठेवलं की बरेचसे तिकडे जातात. मच्छरदाणीत बसूनही बघितलं, वाचायला ठीक आहे, लिहायला पाठ धरते. एवढं करूनही थांबत काही नाहीत, त्यामुळे शेवटी माणूस दार लावून माजघरात येतो आणि खरी अडचण तिथे सुरू होते. माजघरात आई झोपलेली, मुलं झोपलेली. खिडक्या बंद, ऑक्टोबरचा उकाडा, पंखा लावावा तर पानं फडफडतात, आणि उजेडाने धाकटी जागी होऊन विचारते, ‘बाबा, अजून किती?’ म्हणजे घराला त्रास नको म्हणून निवडलेली वेळ घराच्याच झोपेवर येते. मला तरी ते बघवेना.

त्यात कापणी-झोडणीचे दिवस असले तर अंगाचीही साथ नसते. भाताचं कूस मानेला, कोपराच्या आत लागलेलं असतं, गरम पाण्याने आंघोळ केली तरी खाज काही लगेच जात नाही, आणि जेवण झालं की डोळे मिटायला लागतात. वादळी पावसाने संध्याकाळी लाईट गेली तर ती कधी येईल त्याचा भरवसा नाही, ते वेगळंच.

आणि एक गोष्ट, जी मला किड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. रात्री उशिरापर्यंत लिहिणारा माणूस सकाळी उशिरा उठतो, मग बंब पेटवणं, मुलांना उठवणं, डबे, गड्यांचा चहा हे सगळं बायकोच्या अंगावर पडतं. ती काही बोलत नाही, पण तिने बोलायची वाट का बघायची? पहाटे लिहिलं तर झोप आपली आपण कमी करतो, दुसऱ्याची नाही, आणि वही मिटली की आपण उठलेलेच असतो, बंब आपणच पेटवायचा.

पहाट म्हणजे माझ्या घरी साडेचार ते सहा-सव्वासहा. किडे जवळपास नसतात, त्यांचा जोर अंधार पडल्यावर पहिले काही तास, पहाटेच्या गारव्याला ते उडत नाहीत फारसे. पडवी परत आपली होते. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या वाडीतल्या देवळात काकड आरती असते, आई तिकडे जाते, लांबून टाळ ऐकू येतात, त्याचा मला कधी त्रास झाला नाही, उलट आरती संपत आली की समजतं आता आवरतं घ्यायला हवं. दव वाळल्याशिवाय कापणीला हात लागत नाही, त्यामुळे गडी यायच्या आत वेळ मिळतो.

पहाटेत खोट आहे, तीही सांगतो. पहिला अर्धा तास थंड जातो, हात चालत नाही. त्यावर मी एवढंच करतो की आदल्या दिवशीचं शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडतो, दुसऱ्या दिवशी ते पुरं करताना गाडी सुरू होते. संवाद पहाटे रात्रीसारखे सुचत नाहीत हेही खरं, वर्णन आणि मांडणी मात्र चांगली जमते, आणि पहाटे लिहिलेलं नंतर कमी खोडावं लागतं असा माझा अनुभव आहे. रात्री साडेनऊला झोपावं लागतं, म्हणजे नवरात्रातली भजनं, कोजागरीचं जागरण यानंतरची पहाट सोडूनच द्यायची, ओढून ताणून बसू नका. नरक चतुर्दशीला तर सगळं घरच सूर्य उगवायच्या आत उठून उटणं लावत असतं, त्या दिवशी वहीची आठवणही काढू नये.

एक अडचण मात्र मला मोकळेपणाने सांगायला हवी. ज्या घरात पाच वाजता चूल पेटवायची जबाबदारी लिहिणारीवरच आहे, तिला माझी पहाट काय कामाची? आमच्या शेजारच्या वहिनी कविता लिहितात, त्यांना रात्रच सोयीची पडते, त्या स्वयंपाकघराचं दार लावून छोट्या पिवळ्या दिव्यात लिहितात आणि छान लिहितात. तुमचं तसं असेल तर रात्र धरा, पण घरच्यांशी बोलून आठवड्यातल्या दोन पहाटा तरी मागून घ्या, चहा दुसरं कोणीतरी करू शकतं. आणि घरातल्या पुरुषांपैकी कोणी हे वाचत असेल तर तो चहा तुम्हीच करा.

बाकी ज्याला खरंच दोन्ही वेळा मोकळ्या आहेत, त्याने या दिवसांपुरती पहाट करून बघावी असं मला वाटतं. रात्र वाचनाला ठेवा, दिवाळी अंक यायला लागलेलेच असतात, मच्छरदाणीत पडून एखादी कथा होते. गरवं कापून झालं, थंडी पडायला लागली की तुडतुडे आपोआप कमी होतात, पडवी रात्रीही बसण्यासारखी होते, तेव्हा ज्यांना रात्रच आवडते त्यांनी खुशाल परत रात्रीकडे जावं. मी गेलो नाही.