एकट्यानं सांभाळायचं की मंडळानं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्रींसाठी आम्ही साठा-नोंदीचं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर लिहितोय. पुढची दहा वर्षं ते सांभाळणार कोण?

एकट्याकडे दिलं तर निर्णय झटपट होतात, कोडला एकच वळण राहतं. पण माणूस थकला की धोका सुरू. एक्सझेड युटिल्स या फायली आकसून लहान करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा भार जवळजवळ एकट्यावर होता. मदतीला आलेल्यानं दोनेक वर्षांत विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये त्यात चोरवाट (इतरांच्या संगणकात गुपचूप शिरायची सोय) घातली. बिनपगारी राबणाऱ्या त्या मूळ माणसाला दोष देववत नाही.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं प्रमुखपद तिचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी २०१८ मध्ये सोडलं. २०१९ पासून निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ कारभार बघतं. चर्चा लांबतात, खरंय. तरी माझा कौल मंडळालाच. निदान तिघांकडे रिलीजचे, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायचे, अधिकार हवेत, आणि ते आत्ताच द्यायला हवेत.